गणित यथातथाच, तरी इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगला जावं का?

तांब्याची_तार

नमस्कार मंडळी. आतापर्यंत नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. काही राहिलं-चुकलं तर सांभाळून घ्या.

शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि पुढचा अर्ज भरायची वेळ आली आहे. मला इलेक्ट्रॉनिक्स मनापासून आवडतं, ‘स्कोप’ आहे म्हणून नव्हे. बंद पडलेली वस्तू दिसली की हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, मायक्रोकंट्रोलरवर काळ्या रेघेवरून चालणारी गाडी केली आहे, ५५५ टायमरची (ठरावीक वेळाने सिग्नल देणारी छोटी चिप) सर्किटं तर चिक्कार.

घोडं अडतं ते गणितात. नापास कधी झाले नाही, पण गणित हा माझा प्रांत नाही. पेपरला वेळ पुरत नाही. पद इकडून तिकडे नेताना चिन्ह हमखास चुकतं. इंटिग्रेशनची उदाहरणं चक्क पाठ करते आणि आकडे बदलले की हातपाय गाळते.

मध्यंतरी इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम उघडून बघितला. लाप्लास, फूरिये, व्हेक्टर कॅल्क्युलस, झेड ट्रान्सफॉर्म... पोटात गोळाच आला. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते आवडतं ते कर, गणित होईल मागोमाग. दादा स्वतः इंजिनिअर आहे. तो म्हणतो, आवड सुट्टीच्या दिवशी जोपास, त्यासाठी चार वर्षं कशाला जाळतेस?

नेमकं कुठलं आणि किती गणित लागतं? कच्च्या गणितावर या वाटेला जावं का? आणि या क्षेत्रात कमी गणिताची एखादी गल्ली आहे का? खरं ते सांगा, उगाच धीर द्यायला म्हणून नको.

तिरकस

खरं सांगा म्हणालीस म्हणून लिहितो. दादाचं म्हणणं निदान पूर्ण ऐकून घे.

सोल्डरिंग येणं आणि इंजिनिअरिंग जमणं यांचा संबंध लोकांना वाटतो त्याहून फार कमी आहे. पदवीत सोल्डरिंग आयर्न हातात येतं ते प्रॅक्टिकलपुरतं. बाकी वेळ नेटवर्क अ‍ॅनालिसिस, सिग्नल्स, कंट्रोल, कम्युनिकेशन, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स. नावं निरनिराळी, आत सगळं गणितच. सिग्नल्समध्ये कॉन्व्होल्यूशन येतं, म्हणजे एक फंक्शन उलटं करून दुसऱ्यावरून सरकवायचं आणि प्रत्येक ठिकाणी गुणाकाराचं इंटिग्रेशन करायचं. कंट्रोलचं पान लाप्लासशिवाय उलटत नाही. कम्युनिकेशनमध्ये नॉइज आला की प्रोबॅबिलिटी आली. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स म्हणजे वीज आणि चुंबकत्व एकत्र मांडणारी मॅक्सवेलची चार समीकरणं आणि त्यांच्यामागून व्हेक्टर कॅल्क्युलसची अख्खी वरात.

हातात जादू असलेली मुलं दुसऱ्या वर्षी गळताना मी पाहिली आहेत. त्यांना कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

वाटसरू

माझाही प्रश्न हाच होता. वाचनखूण साठवली.

शून्य_एक

@तिरकस, चित्र खरं आहे, पण अर्धंच आहे.

मी एम्बेडेडमध्ये काम करतो, म्हणजे मायक्रोकंट्रोलरवरचा कोड आणि त्याच्या आजूबाजूचं सर्किट. रोजच्या कामातलं गणित सांगू? ओहमचा नियम. बायनरी आणि हेक्साडेसिमल. आणि टायमरचे भागाकार. घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं, त्याला ६४ ने भागलं की सेकंदाला अडीच लाख टिकटिक, त्यातल्या २५० मोजल्या की बरोबर १ मिलिसेकंद झाला. डिजिटल सर्किटं तर बुलियन बीजगणितावर चालतात. जॉर्ज बूलने ते १८५४ मध्ये तर्कशास्त्रासाठी मांडलं आणि १९३७ मध्ये क्लॉड शॅननने आपल्या प्रबंधात दाखवलं की रिले आणि स्विचची सर्किटं त्याच बीजगणिताने मांडता येतात. ज्यांना कॅल्क्युलस बघून घाम फुटतो अशा कितीतरी जणांना हे बीजगणित सहज जमतं.

आता उरलेलं अर्धं. लाप्लास मी नोकरीत शेवटचा कधी वापरला ते आठवत नाही, पण पदवीत त्याने मला सोडलं नाही. परीक्षा द्यावीच लागली. आणि मोटरचा वेग स्थिर ठेवायचा कोड लिहायला घेतला तेव्हा मोटर का थरथरते, हे त्या विसरलेल्या कंट्रोलच्या विषयामुळेच कळलं. म्हणजे काम बघितलं तर गणित कमी, पण दारातून आत यायला ते लागतंच.

खडूफळा

या विषयावर लिहायचा मोह आवरत नाही. प्रतिसाद लांबणार, आधीच सांगून ठेवतो. पहिल्या वर्षाला सर्किट शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

‘गणित कच्चं आहे’ या एका वाक्यात तीन-चार निरनिराळी दुखणी लपलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. कुणाचं बीजगणित हातात बसलेलं नसतं. कुणाला पायऱ्या येतात, पण आपण नेमकं काय शोधतोय ते कळत नाही. कुणाची सगळी समज जागेवर असते आणि घड्याळ समोर आलं की ती उडून जाते. आणि काहींना गणित खरोखरच नकोसं असतं. एक उदाहरण अडलं की वही बंद, पुन्हा उघडायची इच्छाच नाही. पहिल्या तिन्ही प्रकारची मुलं चांगली इंजिनिअर होताना मी पाहिली आहेत. चौथ्या प्रकाराला मात्र मी दुसरी वाट सुचवतो, कारण तिथे प्रश्न येण्या-न येण्याचा नसून चार वर्षं कशाच्या सोबतीने काढायची याचा आहे.

तुझं लिहिणं वाचून मला पहिली दोन दुखणी दिसतात. चिन्ह चुकतं हे पहिलं, इंटिग्रेशन पाठ करते हे दुसरं.

आता एक गोष्ट, जी अभ्यासक्रम वाचून कळत नाही. पहिल्या वर्षी सर्किटमध्ये जे अडतात ते बहुतेक कॅल्क्युलसवर अडतच नाहीत. ते अडतात अपूर्णांकावर, समीकरणातून हवी ती राशी वेगळी काढण्यावर, लॉगॅरिदमवर, साइन-कोसाइनवर. म्हणजे शाळेतल्याच गोष्टींवर. नोडल अ‍ॅनालिसिसमध्ये नवं गणित काहीही नसतं, सर्किटच्या जोडबिंदूंची व्होल्टेजं काढायला तीन समीकरणं आणि तीन अज्ञातं. तिथे चिन्ह एकदा चुकलं की खालचं सगळं पान वाया. लाप्लासची ख्याती मोठी, पण त्याचं निम्मं काम डिफरन्शियल समीकरणाचं साध्या बीजगणितात रूपांतर करणं हेच आहे, आणि मुलं रडतात ती त्या बीजगणितावर.

तेव्हा अर्ज भरण्याआधी स्वतःला हे करून बघ. कॅल्क्युलेटर घेतलास तरी चालेल, पण वेळ लावू नकोस.

१० किलोओहमच्या रेझिस्टरला समांतर कितीचा रेझिस्टर लावला तर दोघांचे मिळून ६ किलोओहम होतील? आधी सूत्रात अक्षरंच ठेवून दुसरा रेझिस्टर वेगळा काढायचा, मग आकडे घालायचे.

१२ व्होल्टचा सप्लाय, त्याला १ किलोओहम आणि मग २ किलोओहम ग्राउंडला. मधल्या बिंदूवर किती व्होल्ट? आता त्या २ किलोओहमला समांतर आणखी एक २ किलोओहम जोडला. मधलं व्होल्टेज वाढेल की घटेल, हे गणित करण्यापूर्वी सांगायचं.

एकाच कागदावर दोन साइन लहरी काढ, दुसरी पहिलीच्या ४५ अंश मागे.

आणि एका अ‍ॅम्प्लिफायरचा व्होल्टेज गेन ४० डेसिबल आहे, तर १० मिलिव्होल्टचे किती होतील?

उत्तरं आली की नाही यापेक्षा, अडलीस तेव्हा पुढे काय केलंस ते इथे लिही.

एका_मुलाची_आई

खडूफळा सर, मुलाचं असंच आहे. गणिताचा आणखी एक क्लास लावून द्यावा का?

खडूफळा

ताई, क्लासने पहिलं दुखणं बरं होऊ शकतं, तेही मुलगा स्वतः पेन चालवत असेल तर. फळ्यावर सोडवलेलं उदाहरण बघताना सगळंच समजल्यासारखं वाटतं. आधीच दोन क्लास असतील तर तिसरा नको, त्याला रोज रिकामा वेळ आणि कोरी वही द्या.

तांब्याची_तार

बापरे, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सगळ्यांचे आभार. सर, उदाहरणं आज रात्रीच घेते.

तोवर एक शंका. त्यापेक्षा कॉम्प्युटर घेतलं तर गणिताची कटकट सुटेल ना? मैत्रिणी तेच म्हणतायत.

शून्य_एक

सुटत नाही, वेगळी मागे लागते. तिथे डिस्क्रीट मॅथ्स आहे, ग्राफ आहेत, सिद्धता आहेत. मशीन लर्निंगकडे गेलीस तर मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी इथल्यापेक्षा जास्तच. कॉम्प्युटर आवडत असेल तर जरूर घे. गणित चुकवायला म्हणून घेऊ नकोस.

गुणगुणणारा_ट्रान्सफॉर्मर

पोरी, एक जुनी गोष्ट सांगतो. मायकेल फॅरडे. पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला माणूस, औपचारिक शिक्षण जवळपास नाहीच आणि गणित अगदी प्राथमिक. त्याने १८३१ मध्ये इंडक्शन शोधलं, म्हणजे बदलत्या चुंबकत्वाने तारेत वीज निर्माण होणं. आज आपले ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर त्याच्यावर चालतात. चुंबकाच्या बलरेषा त्याला डोळ्यांसमोर दिसायच्या. १८५७ मध्ये त्याने मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं होतं की गणितज्ञ आपले निष्कर्ष साध्या भाषेतही मांडतील का, म्हणजे आमच्यासारख्यांना प्रयोग करून ते तपासता येतील. हा माणूस आज अर्ज भरायला बसला असता तर लोकांनी त्यालाही ‘तुझं काम नाही’ म्हणूनच सांगितलं असतं!

तिरकस

काका, फॅरडेबद्दल आदर आहेच, पण हा दाखला इथे लागू होत नाही. त्याच्या बलरेषांची समीकरणं मॅक्सवेलला मांडावी लागली, आणि रेडिओ लहरी असू शकतात हे कळलं ते त्या समीकरणांतून. पदवीत जे शिकवतात ते मॅक्सवेलनंतरचं. शिवाय फॅरडेला सहामाही परीक्षा नव्हती.

दाखलाच हवा तर हेविसाइडचा घ्या. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, तार कंपनीत ऑपरेटर झाला, मॅक्सवेलचा १८७३ चा ग्रंथ हाती लागला तेव्हा त्यातलं फारसं कळत नव्हतं. अनेक वर्षं त्याच्यामागे लागून तो एकट्याने शिकला आणि आज आपण जी चार समीकरणं म्हणतो ती सुटसुटीत मांडणी त्यानेच दिली. म्हणजे मुद्दा माझाच सिद्ध होतो. गणित आधी येत नव्हतं हे चालतं. नंतरही आलं नाही तर चालत नाही.

गुणगुणणारा_ट्रान्सफॉर्मर

मान्य. पण ‘नंतर शिकता येतं’ हे तुम्हीच म्हणालात हो! पहिल्या प्रतिसादात ते कुठे होतं?

तिरकस

:) बरं.

सोडून_गेलेली

नाव वाचून कळलंच असेल. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी अर्ध्यात सोडली आणि तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला. आता टेस्टिंग आणि दुरुस्तीत आहे. इथे सगळे ‘जमेल का’ यावरच बोलतायत, ‘हवं का’ याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या टेबलावर बोर्ड येतो तेव्हा माझं काम असतं तो का चालत नाही हे शोधायचं. ऑसिलोस्कोपचा प्रोब लावून सिग्नल कुठपर्यंत नीट येतो आणि कुठे मरतो ते बघत जायचं. पलीकडे डिझाइनवाले बसतात. तोच कपॅसिटर मला फुगलेला दिसतो म्हणून मी बदलते. तो तिथे १०० मायक्रोफॅरडचाच का हवा, ४७ का नको, हे ते ठरवतात. मला माझं काम आवडतं आणि त्यांचं नकोसं वाटतं. लॅबमध्ये मी सगळ्यांच्या आधी मोकळी व्हायचे आणि गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचे. खडूफळा सरांचा चौथा प्रकार म्हणजे मीच.

तुला वस्तू उघडून चालू करण्यात मजा येते की ‘ही अशीच का बनवली’ हे कळण्यात? पहिलं असेल तर त्यासाठी पदवीच लागते असं नाही. आणि दोन्ही असेल तर मग तुला गणिताशी पटवून घ्यावं लागेल. बाकी, तंत्रज्ञ म्हणजे कमी दर्जाचं वगैरे कोणी सांगू लागलं तर त्यांना एखादा मेलेला पॉवर सप्लाय दुरुस्त करायला द्यावा.

वाटसरू

शेवटच्या वाक्याला +१००

तांब्याची_तार

@सोडून_गेलेली, तुमच्या प्रश्नावर विचार करत होते. ५५५ ची सर्किटं मी पुस्तकातून जशीच्या तशी करायचे. मग एकदा दिवा हळू लुकलुकावा म्हणून रेझिस्टर बदलत बसले आणि दुप्पट रेझिस्टरला वेळ बरोबर दुप्पट का होतो हे कळेना, तेव्हा सूत्र शोधलं. ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे दोन्ही असावं बहुतेक.

सर, निकाल. डिव्हायडरचं आलं: ८ व्होल्ट, आणि दुसरा रेझिस्टर जोडला की घटेल असं आधीच सांगितलं, हिशोबाने ६. साइन लहरी काढल्या, पण ‘मागे’ म्हणजे डावीकडे की उजवीकडे यात घोळ झाला, शेवटी वेळ उजवीकडे जातो म्हणून उजवीकडे. डेसिबल अजिबात आलं नाही, वाचून काढलं: २० डेसिबलला १० पट, ४० ला १०० पट, म्हणून १ व्होल्ट.

समांतर रेझिस्टरचं उत्तर आधी वजा १५ किलोओहम आलं. नेहमीचंच, चिन्ह. पण गंमत म्हणजे या वेळी मला ते लगेच दिसलं, कारण वजा १५ चा रेझिस्टर कुठे मिळणार! मागे जाऊन बघितलं, अधिक १५. गणिताच्या पेपरात वजा आलं असतं तर तसंच लिहून पुढे गेले असते.

खडूफळा

हे शेवटचं तू लिहिलंस त्यात तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. गणिताच्या तासाला क्ष म्हणजे कोणीही असतो, त्यामुळे चुकीचं उत्तरही बरोबरसारखंच दिसतं. सर्किटमध्ये प्रत्येक अक्षरामागे एक वस्तू आहे आणि ती वस्तू बोंब मारते. ज्यांना सर्किट आतून दिसतं त्यांना ही जास्तीची तपासणी फुकट मिळते. अर्थात तिच्यावर सगळी भिस्त ठेवायची नाही. पुढे पुढे उत्तरं अशी येतात की वेडीवाकडी आहेत हे नुसतं बघून कळत नाही.

आता दुसऱ्या दुखण्याकडे. शाळेच्या प्रयोगशाळेत सांगून हे कर. ६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घे, त्याच्या सेकंडरीला ३.३ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये लाव. कपॅसिटर फिल्मचा हवा, इलेक्ट्रोलिटिक नको, कारण हे एसी आहे. मीटर एसीवर ठेवून तीन व्होल्टेज मोज: पूर्ण जोडीवरचं, रेझिस्टरवरचं, कपॅसिटरवरचं.

गुणगुणणारा_ट्रान्सफॉर्मर

आणि प्रायमरीची जोडणी शिक्षकांकडून करून घे. मेनच्या तारेला एकटीने हात लावायचा नाही. हे मला माझ्या नावामुळे सांगावंच लागतं.

तांब्याची_तार

केलं. पूर्ण जोडीवर ६.६ व्होल्ट, रेझिस्टरवर ४.७५, कपॅसिटरवर ४.५८.

बेरीज ९.३३ होते!! मीटर बिघडलं वाटून दुसरं आणलं, तेही तेच सांगतं. लॅबमधल्या सरांनी हसून सोडून दिलं. हे कसं काय?

खडूफळा

मीटर ठीक आहे. कपॅसिटरमधून वाहणारा करंट त्याच्यावरच्या व्होल्टेजवर अवलंबून नसतो, ते व्होल्टेज किती भराभर बदलतंय त्यावर असतो. साइन लहर तिच्या शिखरावर असते तेव्हा क्षणभर ना चढते ना उतरते, म्हणून त्या क्षणी करंट शून्य. लहर शून्यातून जाते तिथे सगळ्यात उभी असते, तिथे करंट सगळ्यात जास्त. म्हणजे करंट पाव फेरी पुढे आणि कपॅसिटरचं व्होल्टेज पाव फेरी मागे. रेझिस्टरचं व्होल्टेज मात्र करंटच्या बरोबरीने चालतं. दोघांची शिखरं एकाच वेळी येतच नाहीत, मग सरळ बेरीज कशी लागेल? त्यांच्यात ९० अंशांचा कोन आहे. काटकोन त्रिकोण काढ आणि पायथागोरस लाव.

‘किती भराभर बदलतंय’ म्हणजेच डेरिव्हेटिव्ह. तू पाठ करतेस ते इंटिग्रेशन म्हणजे याचीच उलट क्रिया.

तांब्याची_तार

४.७५ चा वर्ग २२.५६, ४.५८ चा वर्ग २०.९८, बेरीज ४३.५४, वर्गमूळ ६.६.

अहो सर!!

शून्य_एक

हा ‘अहो सर’ फ्रेम करून ठेवा कोणीतरी.

खडूफळा

आता पुढची पायरी, घाई नाही. संमिश्र संख्या पाठ्यपुस्तकात ‘वजा एकचं वर्गमूळ’ म्हणून येतात आणि मुलं तिथेच मान खाली घालतात. तू त्या वर्गमुळाकडे वळण म्हणून बघ. सर्किटवाले त्याला ‘जे’ म्हणतात. जे ने गुणणं म्हणजे बाण ९० अंश वळवणं. दोनदा वळवला की उलट्या दिशेला गेला, म्हणजे वजा एक. एवढंच आहे ते. रेझिस्टर सरळ दिशेला, कपॅसिटर वजा जे च्या दिशेला. चार्ल्स स्टाइनमेट्झने १८९३ मध्ये एसी सर्किटांसाठी ही पद्धत मांडली, त्याआधी लोकांना प्रत्येक वेळी डिफरन्शियल समीकरणांशी झटावं लागायचं. म्हणजे हे गणित आपलं काम वाढवायला नाही, वाचवायला आलेलं आहे.

आणि तुझ्या सर्किटची आणखी एक गंमत. रेझिस्टर आणि कपॅसिटरची व्होल्टेजं जवळजवळ सारखी का आली? १ भागिले २ पाय आर सी करून बघ, ४८ हर्ट्झच्या आसपास येईल. हा या सर्किटचा कट-ऑफ. तुझी मेन ५० हर्ट्झची असणार, आकडे तेच सांगतात. अगदी कट-ऑफवर दोन्ही तंतोतंत सारखी येतात आणि आउटपुट इनपुटच्या ०.७०७ पट होतं. यालाच वजा ३ डेसिबल म्हणतात, म्हणजे निम्मी पॉवर. डेसिबल आलं नव्हतं ना? आलं बघ परत.

वाटसरू

एक बाळबोध प्रश्न. आता हे सगळं सिम्युलेटर (कॉम्प्युटरवर सर्किट चालवून दाखवणारा प्रोग्रॅम) करतो की. मग हाताने का शिकायचं?

शून्य_एक

रास्त प्रश्न आहे. आकडेमोड सिम्युलेटरच करतो, मीही तोच वापरतो. १९७० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात स्पाइस तयार झाला, आजचे बरेच सिम्युलेटर त्याच्याच वंशातले. पण त्याला शहाणपण नसतं. डायोडला रेझिस्टर न लावता थेट ५ व्होल्ट देऊन बघ. खऱ्या जगात धूर निघेल, सिम्युलेटर मात्र अवाच्या सवा अँपिअर दाखवून गप्प बसतो. उत्तर कोणत्या घरात यायला हवं, मिलिअँपिअर की अँपिअर, एवढा अंदाज डोक्यात असावाच लागतो. दहा आकडी उत्तर काढता नाही आलं तरी चालतं.

तांब्याची_तार

माझा तिसरा प्रश्न राहिलाच. कमी गणिताच्या गल्ल्या?

शून्य_एक

आहेत, पण त्यांची तोंडं बहुधा मधल्या वर्षांनंतर उघडतात. आधीचा रस्ता सगळ्यांना एकच. एम्बेडेड, बोर्ड डिझाइन, डिजिटल चिपचं व्हेरिफिकेशन, टेस्टिंग, उत्पादन, ग्राहकाकडे जाऊन यंत्रणा उभारणं, या ठिकाणी कॅल्क्युलस रोज भेटत नाही. बोर्ड डिझाइनमध्ये वेग वाढला की तिथेही ट्रान्समिशन लाइन शिरते, हे आपलं जाता जाता. दाट गणित हवं असेल तर आरएफ (म्हणजे रेडिओ लहरींची सर्किटं) आणि अँटेना, सिग्नल प्रोसेसिंग, कंट्रोल, कम्युनिकेशन, सेमिकंडक्टर डिव्हाइस.

गुणगुणणारा_ट्रान्सफॉर्मर

पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला विसरू नका. मध्यम गणित, भरपूर उष्णता आणि अधूनमधून मोठा आवाज.

तिरकस

गल्ली आत्ताच निवडू नकोस, एवढं माझं ऐक. आज जे अवघड वाटतंय तेच तिसऱ्या वर्षी आवडू लागलेलं असतं किंवा उलटही होतं. कमी गणिताची म्हणून धरलेली गल्ली पुढे कंटाळवाणी निघाली तर परत फिरायला पुन्हा तेच गणित लागतं.

तांब्याची_तार

दादाला ४.७५ आणि ४.५८ ची बेरीज विचारली. तो म्हणाला ६.६, लगेच. मग विचारलं, तुला हे पहिल्या वर्षी कळलं होतं का? तर म्हणाला, सूत्र माहीत होतं, कळलं फार नंतर. आता त्याचा विरोध ‘बघ बाबा, तुझं तू’ इथपर्यंत खाली आलाय.

अर्जात इलेक्ट्रॉनिक्स पहिलं टाकते आहे. कॉलेज सुरू होईपर्यंत समीकरणं फिरवणं, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि संमिश्र संख्या, या चारच गोष्टी करणार आहे. रोज, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून आणि जमेल तिथे सर्किटचीच उदाहरणं घेऊन. इंटिग्रेशनला हात लावू की नको?

खडूफळा

लाव, पण शेवटी. आणि तंत्रांच्या मागे लागू नकोस. कपॅसिटरमध्ये ठरावीक करंट काही वेळ सोडला तर व्होल्टेज किती चढेल, करंट बदलता असेल तर आलेखाखालचं क्षेत्रफळ कसं मोजायचं, एवढं कागदावर चित्र काढून आलं की पुरे. बाकीच्या युक्त्या वर्गात शिकवतीलच.

तिरकस

पहिलं टाकलंस ना, मग आता कामाचं सांगतो. पहिल्या सहामाहीचा गणिताचा पेपर काही झालं तरी मागे ठेवू नकोस. सिग्नल्स आणि कंट्रोल दोन्ही त्याच्यावर उभे असतात आणि मागे राहिलेला विषय त्याच महिन्यांत डोक्यावर येऊन बसतो. ट्युटोरियलचा तास असतो, त्याला निम्मा वर्ग दांडी मारतो. तू बस. तिथे उदाहरण तुलाच सोडवायला लावतात आणि चिन्ह चुकलं की बाजूला कोणीतरी उभं असतं. अडलीस की याच धाग्यावर लिही. तोवर मीही तुझ्या त्या सर्किटचं फेज किती अंश येतं ते काढून ठेवतो.

तांब्याची_तार

सोर्सच्या मानाने कपॅसिटरचं व्होल्टेज ४६ अंश मागे. काल रात्रीच काढलं. :)